कामाचा धोका ओळखायला घरबसल्या शिका

दसरा झाला की खान्देशात कापसाचा हंगाम सुरू होतो. धरणगाव, बोदवड, जामनेर, चोपडा, दोंडाईचा या भागातील जिनांपुढे गाड्यांच्या रांगा लागतात, आणि त्याच दिवसांत आम्हा डॉक्टरांकडे खोकल्याचे रुग्णही वाढतात. त्यातले पुष्कळसे बदलत्या हवेचे असतात, काही बिडीचे तर काही क्षयाचे. पण थोडे असेही असतात की ज्यांच्या खोकल्याचे मूळ हवेत नाही आणि बिडीतही नाही. ते त्यांच्या कामाच्या जागी असते.

असा रुग्ण ओळखायला महागडी तपासणी लागत नाही. "धंदा काय करता?" एवढा एकच प्रश्न पुरतो. इटलीतील डॉक्टर बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रुग्णाला डॉक्टरने जे प्रश्न विचारायचे, त्यात त्याच्या धंद्याचा प्रश्नही हवा, असा त्यांचा आग्रह होता. त्याला आता तीनशे वर्षे उलटून गेली. तरीही आपल्याकडे केसपेपरवर नाव, वय, गाव असते; धंद्याचा रकाना बहुधा कोराच राहतो.

कामाच्या जागेचा धोका म्हटले की आपल्यापुढे अपघात उभा राहतो. पट्ट्यात सापडलेला हात, पडलेली भिंत, लागलेली आग. धुळे जिल्ह्यात शिरपूरजवळ वाघाडी येथे ३१ ऑगस्ट २०१९ रोजी रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन दहाहून अधिक माणसे दगावली, ते आपण विसरलेलो नाही. पण आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२३ साली जाहीर केलेला अंदाज पाहा. जगात दरवर्षी सुमारे तीस लाख माणसे कामामुळे मरण पावतात, आणि त्यातील सुमारे सव्वीस लाख मृत्यू आजारांमुळे होतात. अपघाताची बातमी होते. आजार मात्र दहा-वीस वर्षे अंगात मुरतो, आणि माणूस गेला की घरचे म्हणतात, "दमा होता हो त्यांना."

लहान कारखान्यात कोण शिकवणार?

भुसावळची रेल्वे, वरणगाव-भुसावळचे आयुध कारखाने, दीपनगरचे वीज केंद्र अशा मोठ्या ठिकाणी सुरक्षा अधिकारी असतो, डॉक्टर असतो, कामगारांना प्रशिक्षण मिळते. पण आपल्या दोन जिल्ह्यांतील बहुतेक माणसे अशा ठिकाणी काम करीत नाहीत. ती जिनमध्ये, डाळ मिलमध्ये, जळगावच्या चटई कारखान्यांत, धुळ्याच्या यंत्रमागांवर, खडी क्रशरवर आणि सर्वांत जास्त म्हणजे शेतात काम करतात.

कायदाही त्यांच्यापर्यंत नीटसा पोहोचत नाही. कामाच्या ठिकाणची सुरक्षितता व आरोग्य यांविषयीची २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्याप्रमाणे कारखान्यात ५०० कामगार असतील, आणि काम धोकादायक प्रक्रियेचे असेल तर २५० असतील, तरच सुरक्षा अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. यंत्रशक्तीवर चालणाऱ्या जागेला 'कारखाना' म्हणण्यासाठी पूर्वी १० कामगार पुरत, आता २० लागतात. म्हणजे तीस-चाळीस माणसांच्या जिनमध्ये सुरक्षा अधिकारी येणार नाही, आणि पंधरा माणसांची डाळ मिल तर कारखान्याच्या व्याख्येतही बसणार नाही. शेतात पंप पाठीवर घेऊन फिरणाऱ्याची तर गोष्टच वेगळी.

मग त्याला शिकवणार कोण? शिक्षक त्याच्याकडे जात नसेल तर धडा त्याच्याकडे गेला पाहिजे. यालाच दूरशिक्षण म्हणतात.

दूरशिक्षण आपल्याला नवे नाही

नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. शेती, दुकान, नोकरी सांभाळून मराठी पुस्तकांवरून अभ्यास करायचा, ठरलेल्या दिवशी अभ्यासकेंद्रावर जायचे आणि परीक्षा द्यायची, ही पद्धत खान्देशातील हजारो घरांनी पाहिली आहे. शिकणाऱ्याने आपला धंदा सोडून शहरात जाऊन राहायचे नाही, हे तिचे मर्म.

या पद्धतीने कामाच्या सुरक्षिततेचे शिक्षण देता येते काय? दोन उदाहरणे सांगतो.

पहिले २०२० सालचे. कोरोनाची साथ आली तेव्हा परिचारिका, आशाताई, वॉर्डबॉय, सफाई कामगार या सर्वांना एकाच वेळी शिकवणे भाग होते, आणि एकत्र बसवण्याची तर सोय नव्हती. केंद्र सरकारने त्यांच्यासाठी मोबाईलवर 'आयगॉट दीक्षा' या नावाने धडे उपलब्ध केले. पीपीई किट कोणत्या क्रमाने घालायचा आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कोणत्या क्रमाने काढायचा हे पुष्कळांनी पडद्यावर पाहूनच प्रथम शिकून घेतले. व्यवसायातील सुरक्षिततेचे दूरशिक्षण म्हणतात ते हेच.

दुसरे उदाहरण कीटकनाशक विकणाऱ्या दुकानदारांचे. शेतकरी फवारणीचा सल्ला बहुतेक वेळा कृषी सेवा केंद्रातच विचारतो. हे ओळखून हैदराबादच्या 'मॅनेज' या राष्ट्रीय संस्थेने २००३ साली या दुकानदारांसाठी एक वर्षाची पदविका सुरू केली. आठवड्यातून एक दिवस वर्ग, अधूनमधून शेतावर भेट आणि बाकीचा अभ्यास घरी. दुकान बंद ठेवावे लागत नाही. शिकलेला दुकानदार गिऱ्हाईकाला बाटलीबरोबर हातमोज्यांची आठवण करून देतो, तेव्हा त्या पदविकेचा लाभ अख्ख्या गावाला होतो.

आता असे धडे जिनमधल्या आणि शेतातल्या माणसासाठी कसे असावेत, त्याचे दोन नमुने इथेच देतो. कात्रण काढून ठेवले तरी चालेल.

धडा पहिला : कापसाची धूळ

कापसाच्या बोंडाबरोबर पाने, देठ, माती येते आणि त्यावर जंतू वाढलेले असतात. रेचे चालू झाले की या सर्वांची बारीक धूळ उडते. तिच्यातील जंतूंचे विष श्वासनलिकांना आकसवते. या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. सूतगिरणीत, विशेषतः कापूस पिंजण्याच्या खात्यात, तो अधिक आढळतो. जिनचे काम हंगामी असल्याने तिथे तो कमी असला तरी छाती भरणे आणि खोकला हे त्रास तिथेही होतात.

याची एक खूण लक्षात ठेवा. सुट्टीनंतर कामावर परतलेल्या पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होते. ज्या गिरण्यांना रविवारी सुट्टी असते तिथे हा 'सोमवारचा आजार' म्हणून ओळखला जातो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरे वाटते, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. पुढे त्रास दोन दिवस टिकतो, मग आठवडाभर, आणि शेवटी हंगाम संपला तरी दम लागतच राहतो. या शेवटच्या पायरीवर फुप्फुसांचे झालेले नुकसान भरून येत नाही. पहिल्या पायरीवर धूळ टाळली तर माणूस पुन्हा पूर्ववत होऊ शकतो. सारा फायदा लवकर ओळखण्यात आहे.

छातीचा फोटो यात बहुधा स्वच्छ येतो, त्यामुळे फसगत होते. जिनमध्ये रेच्यावर काम करणारे एक गृहस्थ माझ्याकडे आले, ते क्षयाचा कोर्स दोनदा पुरा करून. थुंकीत जंतू एकदाही सापडले नव्हते. त्यांना मी एवढेच सांगितले की कामावर जाण्यापूर्वी आणि काम सुटल्यावर, दोन्ही वेळा फुंकणीच्या यंत्रात फुंकायचे. 'पीक फ्लो मीटर' नावाचे हे साधे यंत्र काही शे रुपयांत मिळते. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी संध्याकाळचा आकडा सकाळच्या मानाने बराच खाली आला, तर गडबड कामाच्या जागी आहे असे समजावे. त्यांचा आकडा तसाच खाली आला. मालकाने त्यांना रेच्यावरून काढून वजनकाट्यावर बसवले. रोजगार टिकला आणि खोकलाही कमी झाला. याचा अर्थ क्षयाची तपासणी टाळावी असा मात्र नाही. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकी आधी तपासावी. सरकारी रुग्णालयात ती मोफत होते.

उपाय करताना क्रम चुकवू नका. प्रथम धूळ उडणारच नाही असे पाहावे. कोरड्या झाडूने झाडण्याऐवजी धूळ ओढून घेणारे यंत्र वापरावे, रेच्यावर झाकण व धूळ खेचणारा पंखा असावा. त्यानंतर माणसांची पाळी बदलावी. मास्क सर्वांत शेवटी. उपरणे किंवा ओढणी तोंडाला बांधल्याने मोठे कण अडतात, बारीक धूळ आत जातेच. त्यासाठी 'एन ९५' जातीचा मास्क चेहऱ्याला घट्ट बसवावा लागतो. जिनमध्ये भगिनी मोठ्या संख्येने काम करतात. पदर, ओढणी आणि मोकळे केस फिरत्या दांड्यापासून आणि पट्ट्यापासून दूर असले पाहिजेत, आणि त्या पट्ट्यावर जाळी असलीच पाहिजे.

धडा दुसरा : फवारणी

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले. शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. कापूस आपलाही आहे, पंप आपलेही तेच आहेत. त्यामुळे तो धडा आपलाही आहे.

बाटलीवरील रंगीत त्रिकोण वाचायला शिका. लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. अक्षरओळख नसलेल्यालाही हे कळते. हिरवा म्हणजे निर्धोक असे मात्र समजू नये.

विष फक्त तोंडावाटे जाते हा गैरसमज आहे. ते कातडीतून शिरते; घामाने भिजलेल्या, खरचटलेल्या कातडीतून अधिक. म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा, रबरी हातमोजे, बूट आणि चष्मा हवा. वर सांगितलेला धुळीचा मास्क औषधाच्या वाफेला अडवत नाही, त्यासाठी गाळणीची डबी असलेला वेगळा मास्क लागतो. वारा पाठीवर घेऊन फवारावे. कपाशी डोक्याएवढी वाढली असेल तर फवारा चेहऱ्यावरच येतो, तेव्हा विशेष जपावे. तुंबलेला नोझल तोंडाने फुंकू नये. दोन-तीन औषधे मनाने मिसळू नयेत. फवारणी झाल्यावर साबणाने अंघोळ करावी आणि कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवावेत.

डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे, तोंडाला लाळ सुटणे, दरदरून घाम, उलट्या, अंगावर स्नायू उडणे, ही विषबाधेची लक्षणे. अशा वेळी माणसाला शेतातून बाहेर काढा, कपडे उतरवा, साबण-पाण्याने अंग धुवा आणि १०८ ला बोलवा. हे करणाऱ्याने स्वतः हातमोजे घालावेत. दूध, तूप, मिठाचे पाणी पाजू नका, उलटी करवू नका. आणि बाटली बरोबर आणा. औषध कोणते हे कळले तर डॉक्टरांची मोलाची मिनिटे वाचतात.

घरचा अभ्यास

कोणत्याही दूरशिक्षणात घरचा अभ्यास असतो. तो आजच सुरू करा. एक शंभर पानी वही घ्या. रोज कामावरून आल्यावर चार गोष्टी लिहा : आज श्वासातून काय गेले, हाताला काय लागले, कानावर किती आवाज आला, किती ओझे उचलले. शेजारी त्रासाची नोंद करा आणि सुट्टीचा वार लिहा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुला-मुलीला सांगा. त्यांचाही अभ्यास होईल. महिन्याभरात तुम्हाला स्वतःलाच दिसेल की त्रास कोणत्या कामाबरोबर येतो आणि कोणत्या दिवशी जातो. ही वही डॉक्टरला दाखवा. पुढे नुकसानभरपाईचा प्रश्न निघालाच, तर हीच वही तुमच्या बाजूने बोलेल.

पुस्तकाने काय होत नाही

दूरशिक्षणाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पोहणे पुस्तकावरून येत नाही, तसेच बेशुद्ध माणसाची छाती कशी दाबायची, आग विझवण्याची नळकांडी कशी उघडायची, मास्क चेहऱ्याला बसला की नाही कसे पाहायचे, हे हाताने करूनच येते. म्हणून ज्या अभ्यासक्रमात एकही दिवस प्रत्यक्ष सराव नाही, तो अर्धाच समजावा.

दुसरी अडचण भाषेची. सुरक्षिततेचे पुष्कळ साहित्य इंग्रजीत आहे. रेच्यावरच्या माणसाला ते मराठीत, आणि शक्य तर अहिराणीत सांगितले, तरच उपयोग. जळगाव व धुळे आकाशवाणीवरून आठवड्याला दहा मिनिटे या विषयाला मिळाली, तरी पुष्कळ काम होईल.

प्रवेश घेण्यापूर्वी

बारावी झालेल्या मुलांना 'सहा महिन्यांत सेफ्टी ऑफिसर व्हा' अशा जाहिराती भुलवतात. बाप कर्ज काढून फी भरतो आणि नंतर कळते की कारखाना ते प्रमाणपत्र मानत नाही. सुरक्षा अधिकाऱ्याची पात्रता सरकारी नियमांनी ठरलेली असते. त्याला मूळची पदवी किंवा पदविका, कामाचा अनुभव आणि शिवाय मान्यताप्राप्त औद्योगिक सुरक्षा पदविका लागते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा. ही पदविका कोणत्या मंडळाची किंवा विद्यापीठाची? दूरशिक्षणासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत त्या विद्यापीठाचे नाव आहे का? आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय ती पात्रता मानते का? उत्तर लेखी मागा.

इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने औद्योगिक सुरक्षिततेचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम दूरशिक्षणाने चालवला आहे. यंदा प्रवेश आहे का, हे जवळच्या केंद्रावर विचारावे. नोकरीसाठी नव्हे, तर स्वतःच्या कामाच्या ज्ञानासाठी शिकायचे असेल, तर असे छोटे अभ्यासक्रम उपयोगी असतात.

मालक, डॉक्टर आणि आपण

मालकांना एक विनंती. १९६६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचा ४ मार्च हा दिवस देशभर सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी नुसता फलक लावून फोटो काढण्यापेक्षा दर आठवड्याला पगाराच्या दिवशी पंधरा मिनिटे एक धडा मोबाईलवर सर्वांना दाखवा आणि त्यावर बोलू द्या. नव्या संहितेप्रमाणे ठराविक वयावरील कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी करून देणे ही मालकाची जबाबदारी आहे, आणि आपल्या आरोग्याला काय धोका आहे याची माहिती मागण्याचा कामगाराला हक्क आहे.

आमच्या व्यवसायबंधूंनाही दोन शब्द. कारखान्यांच्या डॉक्टरांसाठी मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत औद्योगिक आरोग्याचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. तो उत्तम आहे. पण तालुक्याच्या ठिकाणी एकट्याने दवाखाना चालवणाऱ्याला तीन महिने कुलूप लावणे परवडत नाही. असा अभ्यासक्रम थोडा घरी, थोडा जळगाव-धुळ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांत मिळाला, तर आमच्यासारखे अनेकजण आनंदाने शिकतील. तोवर केसपेपरवर धंद्याचा रकाना भरणे तरी आपल्या हातात आहे. बिसिनोसिस, सिलिकोसिस, शिशाची विषबाधा अशा आजारांची यादी कायद्यात आहे, आणि कारखान्यातील कामगाराला त्यातला आजार असल्याचे आढळल्यास डॉक्टरने लेखी कळवायचे असते, हेही ध्यानात असावे. आजार कागदावर आला नाही तर सरकारच्या लेखी तो नसतोच.

राहता राहिले आपण, वाचक. आपल्यापैकी अनेकांच्या घरात कोणी ना कोणी धुळीत, विषात, आवाजात किंवा उन्हात राबतो आहे. त्याच्या कष्टावर घर चालते. तो आज संध्याकाळी घरी आला की चहा पुढे करताना एवढे विचारा, "आज कामावर छाती भरली होती का?" उत्तर 'हो' आले, तर वहीत तारीख टाका आणि त्याला घेऊन डॉक्टरकडे या. येताना वही विसरू नका.